अस्तराखालची पट्टी

आदरणीय अध्यक्षा श्रीमती क्वाखेबूर, नगराध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, मठातून मुद्दाम आलेल्या सिस्टर अमांदिना, आजच्या सत्कारमूर्ती गोदेलीव्हबाई आणि संग्रहालयावर प्रेम करणाऱ्या वीसेगेमकरांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी दोनदा पाणी प्यायलो, त्यातच एक गेलं.

बाईंनी एकतीस वर्षं आपल्या संग्रहालयातले जुने विणलेले पट दुरुस्त केले. त्यांच्या सुईबद्दल इतरांनी सांगितलंच. मी दफ्तर सांभाळणारा माणूस. मी त्यांच्या एका नकाराबद्दल बोलणार आहे.

क्रुसावरून उतरवलेल्या ख्रिस्ताचा तो पाचशे वर्षांचा पट आठवतो ना? कसा विसराल! गावातल्या प्रत्येक बिस्किटाच्या डब्यावर त्यातली मूर्च्छित माता मारीया होती. आपल्या नोंदवहीत त्यापुढे एकच शब्द होता : दान. सहा वर्षांपूर्वी कसर लागली म्हणून बाईंनी त्याचं अस्तर उसवलं. आत तागाची एक पट्टी शिवलेली होती, तिच्यावर लाल दोऱ्याने भरलेलं : ‘१९१४. युद्ध संपेपर्यंत सांभाळायला दिला. क्लारा मठाच्या भगिनी.’

बाई पट्टी घेऊन थेट माझ्याकडे आल्या. मी म्हणालो, जुनी गोष्ट आहे, अस्तर परत शिवून टाका. त्यांनी टेबलावर सुई ठेवली.

“मी नाही शिवणार, वाउटर. तुम्ही शिवा. दोरा ओवून देते.”

सुई दिवसभर तिथेच होती. मी तिला हात लावला नाही, आणि तिच्यासमोर बसून मला धड कामही करता आलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. बाईंनी मठाला कळवलं. मठात तेव्हा पाचच भगिनी उरल्या होत्या. सिस्टर अमांदिना आल्या. अध्यक्षांनी कॉफी दिली, टार्ट दिली, मठातल्या ओलीबद्दल अतिशय नम्रपणे काळजी व्यक्त केली. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं, टार्ट संपवली आणि विचारलं, “शिडी आहे ना तुमच्याकडे? मग उतरवा.”

हसताय तुम्ही. तेव्हा कोणी हसलं नव्हतं. पट गेला, पाहुणे घटले. बेकरीत बाई आल्या की गप्पा थांबायच्या. कोणीतरी त्यांच्या सायकलच्या टोपलीत बिस्किटाचा रिकामा डबा टाकला. बाई मात्र दर मंगळवारी मठात जाऊन पटाची कसर तपासत राहिल्या.

केलं ते योग्य झालं का? मला अजून सांगता येत नाही. येत्या वसंतात मठ बंद होतोय. पट कुठे जाणार, असं मघाशी सिस्टरांना विचारलं. म्हणाल्या, “अजून आम्ही आहोत.”

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. आटोपतं घेतो, पण एक राहिलंय.

पट्टी सापडली, त्याच्या अकरा वर्षं आधी मला दफ्तरात एक पत्र मिळालं होतं. १९२३ सालचं, मठप्रमुखांच्या सहीचं : युद्ध संपलं, भिंत पुन्हा बांधली, आमचा पट पाठवा. मी ते वाचलं आणि नळदुरुस्तीच्या पावत्यांच्या खोक्यात ठेवलं. बाई सुई घेऊन आल्या तेव्हा मला सगळं माहीत होतं. गाव त्यांना घरभेदी म्हणत होतं तेव्हाही. ते एक पत्र दाखवलं असतं तर त्यांना एकटीला हे सोसावं लागलं नसतं. मी त्यांच्याबरोबर रोज जेवलो, आणि बोललो नाही.

बाई, उठू नका. मला पुरं करू द्या.

पत्र माझ्या खिशात आहे. ते मठाचं आहे, म्हणून खाली उतरून सिस्टरांच्या हातात देतो. गोदेलीव्हबाई, संग्रहालयाच्या वतीने तुमचे आभार. तुम्हा सर्वांनी ऐकून घेतलंत, तुमचेही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. पत्राचं तेवढं घालू नका.