खाकी बदकांची अंडी

हसू नका, पण बदकं पाळल्याची मले अजून लाज वाटते. पंच्याहत्तर साली आसेगावात मी चार खाकी बदकं आणली. उजाडताच खुराडं उघडून त्यायले तळ्यात सोडायचो, पण खुराड्यात अंडं काही भेटेना. मी शेजारच्या गंगाकाकूवर भर चावडीवर चोरीचा आळ घेतला.

उन्हाळ्यात तळं आटलं, तर चिखलात अंडीच अंडी. ढोराचा डॉक्टर म्हणे, "बदक सकाळी अंडं देते. नऊ वाजेलोक सोडाचं नसते."

काकूच्या घरी जाऊन म्हटलं, "चुकलं माह्यं."

ती म्हणाली, "इथं कायले सांगतं? चावडीवर सांग."

माह्यानं काही झालं नाही. आज तुमाले सांगून राह्यलो, तेही काकू गेल्यावर.