फोल्डरात न मावलेलं धुकं

भोरच्या एसटी स्टँडवर शेजारच्या बाकड्यावर एक म्हातारं धनगर जोडपं बसलं होतं. आजींच्या गुडघ्याला पट्टा होता.

"अवो, आजचं धुकं दावा की."

"फोटू निघंना, मंगल. मोबाईल म्हणतो, फोल्डर भरलं."

"आन् जागा तर लई हाय म्हणं."

"हाय गं. पर फोल्डर फुगलं की मोबाईल अडकतो, म्हणून आपल्या लेकीनं, सोनियानं हद्द घातलीया. दोनशेच फोटू, म्होरं न्हाई."

"मग जुनं पुसा."

"कुठलं पुसू? तू वस्तीवरनं खाली लेकीकडं आलीस, तवापास्नं रोज सकाळी एक काढलाय."

"समदे पांढरेच तर हाईत."

"ह्यात बग, कोकरू हाय. ह्यात तुजी चूल."

"डाक्टर म्हणला, आता डोंगर चढायचा न्हाई. कंदीच."

"सोनिया बोलली मला."

"मग एकबी पुसू नगा. आजचं तोंडानं सांगा."

"आज मेंढरं धुक्यात शिरली आन् दिसंनाशी झाली. नुसत्या घंटा वाजत व्हत्या. म्या उगाच तुला हाक मारली."

"उजाडताना व्हय?"

"व्हय."

"तवाच म्या झोपंत 'ओ' दिली. सोनिया दचकून उठली."