निजाईचं कपाळ

आमचं गाव पठारावर, ताई, साताऱ्याच्या पल्याड, घाट चढून गेलं की जिथं झाडं संपत्यात आन नुसतं गवत आन काळा कातळ सुरू होतो तिथं. घरं थोडी, पण सगळ्या घरांची तोंडं एकाच बाजूला, उगवतीला, कारण समोर निजाई. निजाई म्हंजे डोंगर, पण आमी तिला डोंगर म्हणत न्हाई. उताणी निजलेली बाई हाय ती. दक्षिणेला डोकं, हे कपाळ, मग डोळ्याची खोबण, मग नाक, ओठ, हनवटी, मग गळ्याची खिंड, आन मग छाती-पोट असं पसरत पसरत पार धुक्यात जातं, पाय कुणी बघितलेले न्हाईत. देवी न्हाई बरं का ती. देऊळ न्हाई, नवस न्हाई, कोंबडं न्हाई. नुसती निजलीय. का निजलीय म्हणून मी आजाला इचारलं व्हतं तर तो म्हणला, दमली असंल.

आता ती निजलेली, म्हणून सकाळी आमच्याकडं कुणी मोठ्यानं बोलत न्हाई. सूर्य तिच्या मागनं वर येतो, आदी कपाळाची कड उजळती, मग नाकाचा शेंडा, आन उन्हं अंगणात येईस्तवर सगळा गाव हळू बोलतो, म्हशीला हाकलायचं तरी हळूच, पोरगं रडलं तर आई त्याला आत घेऊन जाती. मी लहान असताना मला वाटायचं सगळ्या जगात सकाळी असंच हळू बोलत्यात. आन पाऊस सांगायची तीच. कपाळावर ढग बसला की पाऊस आला म्हणून समजायचं, गळ्यात बसला तर नुसती हूल. माझी आई तर नुसतं दारातनं बघून सांगायची, आज वाळवण घालू नगा.

आन दुसरी एक रीत. नवी सून घरात आली की पहिल्या सकाळी सासू तिला ओट्यावर उभी करती, हनवटी धरून तिचं तोंड निजाईकडं वळवती आन इचारती, दिसली का. सून म्हणती दिसली, मग बोटानं दाखवती हे कपाळ, हे नाक. तवा ती घरची झाली. त्याच्या आदी ती पाहुणी. हळद लागली, मंगळसूत्र आलं, तरी पाहुणीच.

माझी बायको संगीता कासारवाडीची. रुळाच्या कडंला वाढलेली, त्यामुळं गाडी जात नसली तरी वरच्या पट्टीत बोलायची सवय. ती आमच्या गावात पहिल्या सकाळी बोलायला लागली तर चार बायकांनी तोंडावर बोट ठेवलं, ती बिचारी घाबरली, हिला वाटलं कुणी गेलं की काय. आईनं हनवटी धरली, दिसली का म्हणाली. ही म्हणाली व्हय, दिसली. बोटानं दाखवलं पण. आन परत येताना एसटीत माझ्या कानाला लागून म्हणती, अहो, मला काय सुदिक दिसलं न्हाई, डोंगरासारखा डोंगर. मी म्हणलं गप बस, आईला सांगू नको. मग सगळा संसार झाला, पोरगं मोठं झालं, दर उन्हाळ्यात गावाला जाऊन ही बाई सासूशेजारी उभी राहून म्हणायची, आज किती छान दिसतीय नाही निजाई.

मी हिकडं काळेवाडीला आलो तो पोटासाठी, सगळे येत्यात तसा. आदी पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमधी व्हतो, ते बंद पडलं, मग क्रेनवर खलाशी, आन मग ट्रेलरवर. ट्रेलर म्हंजे साधा न्हाई. चाकणकडं एक कंपनी पवनचक्कीची पाती बनवती, एकेक पातं आमच्या काळेवाडीच्या गल्लीपेक्षा लांब. ते वळवायचं म्हंजे पुढच्या एकट्याचं काम न्हाई, म्हणून मागच्या चाकांना वेगळं स्टेअरिंग असतं, आन तिथं पात्याच्या पोटाखाली एक माणूस बसतो. तो मी. पुढं ड्रायव्हर बाळासाहेब, बीडकडचा गडी, तो वॉकीटॉकीवर सांगतो, राव उजवीकडं घ्या, राव सोडा, राव थांबा. त्याच्या पुढं एक जण बांबू घेऊन चालतो आन रस्त्यावरच्या वायरी वर उचलून धरतो. असं आमचं चालतं, बैलगाडी पुढं निघून जाईल अशा चालीनं. घाटात पहाटंचं धुकं असलं की मला बाळासाहेब दिसत न्हाई, रस्ता दिसत न्हाई, डोक्यावर नुसतं ते पांढरं, गुळगुळीत, कुठं सुरू होतं आन कुठं संपतं कळत न्हाई. काय सांगू तुमाला ताई, तवा वाटतं आपण कशाला कुठं नेत न्हाई, तेच आपल्याला घेऊन चाललंय.

आईला मी हिकडं ये म्हणून किती सांगितलं. एकदा आलीबी. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, समोर पाण्याची टाकी आन शेजारच्या बिल्डिंगची भिंत. सकाळी उठून गॅलरीत आली, हिकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन मला म्हणती, हितं सकाळी तोंड कुणाकडं करायचं रे. चार दिवसांत गेली परत.

मग पंखे आले. पवनचक्क्यांना आमी पंखेच म्हणतो. आदी एक माणूस आलता, चांगला, हसतमुख, बरोबर यंत्रं, एक बारीक उंच खांब. आमच्या ओट्यावर बसून ताक प्याला आन इचारलं, मावशी, हितं वारा सगळ्यात जास्त कुठं लागतो. आता आमच्याकडं पाहुण्यानं असं इचारलं म्हंजे त्याला वाऱ्याला बसायचंय, उन्हातनं आलाय बिचारा. आईनं लगेच सांगितलं, कपाळावर जावा, तिथल्यासारखा वारा कुठंच न्हाई. शेजारचा तात्या म्हणला नाकावरबी चांगला लागतो. दुसरा म्हणला हनवटीवर बसायला दगड हाय. सगळा गाव कौतुकानं जागा सांगत व्हता, आन तो लिहून घेत व्हता. एकाच्याबी मनात आलं न्हाई, की जिथं वारा लागतो तिथं कुणाला खांब रोवायचा असंल. तात्या त्याच्याबरोबर वर जाऊन सतरंजी टाकून आला.

मग रस्ता झाला, आन पाती न्यायची वेळ आली तवा आमच्या साहेबांनी इचारलं, हा घाट कुणाला ठाऊक हाय. बाळासाहेब म्हणला, आमच्या मागच्याचं गावच तिथं हाय. असा मी माझ्या गावाला पातं घेऊन गेलो. सगळं गाव रस्त्यावर. आपला माणूस आलाय म्हणून. आईनं ताट आणलं, नारळ फोडला, टाचा उंच करून पात्याच्या टोकाला हळद-कुंकू लावलं आन हात तसाच ठेवून म्हणली, केवढं गार लागतंय रे. बाळासाहेब मला म्हणतो, राव, तुमची आई सोयरीक जुळवतीय का काय. आमी सगळे हसलो. मलाबी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पंखे उभे राहिले तवा दिसायला वाईट न्हवते हो. पांढरे, सावकाश फिरणारे, लांबनं बघितलं तर कुणीतरी हात हलवून बोलावतंय असं. एक कपाळावर, एक नाकावर, एक हनवटीवर, पुढं छातीवर रांगेनं. पण काय झालं, की डोळा जे फिरतंय तिकडंच जातो. तुमी कितीबी ठरवा, कड बघू म्हणून, डोळा पात्यावर जातो आन गरगर त्याच्याबरोबर जातो. निजाई तिथंच हाय, कुणी तिला उचलून नेली न्हाई, पण दिसत न्हाई. कपाळ बघावं तर खांब. नाक बघावं तर खांब.

गावात भांडण झालं न्हाई. रस्ता आला, एसटी पार गावात आली, तात्याच्या पोराला पंख्याच्या राखणीचं काम लागलं, आजारी माणूस आता डोलीनं न्यावा लागत न्हाई, ते खरंच हाय की. आईबी कुणाला काय बोलली न्हाई. फक्त उशिरा उठायला लागली. उन्हं अंगणात आल्यावर बाहेर यायची आन दाराकडं तोंड, डोंगराकडं पाठ करून बसायची. पाऊस सांगायची बंद झाली. कुणी इचारलं तर म्हणायची, मोबाइलला इचारा.

मग आमच्या पोराचं, ओंकारचं लग्न ठरलं. तो हिकडं माण गावातल्या कंपनीत हाय, कॉम्प्युटरवर, पोरगीबी तिथलीच, निकिता. बोलायला कमी, इंग्रजी शाळेतली, मराठी बोलताना आदी मनात जुळवून मग बोलती, पण डोळे सगळीकडं. मी आईला फोन केला, लग्न लागलं की सुनेला घेऊन येतो. आई म्हणली, आण की, पुरणपोळी करीन, ओटी भरीन. पण सकाळचं मला सांगू नको. काय दाखवू तिला मी, खांब दाखवू का.

संगीतानं फोन हातातनं काढून घेतला, पण आईनं ठेवला व्हता. मग ही दोन दिवस गप, आन तुमाला सांगतो, संगीता गप म्हंजे घरात कायतरी मोडल्यासारखं वाटतं. ती मला म्हणाली, अहो, पोरगी त्या घरात पाहुणीच राहील. म्हातारी तिला जीव लावील, सगळं करील, पण आतनं पाहुणीच समजंल. आन म्हातारीच्या मागं तर कोण दाखवणार. रीत हितंच संपली बघा.

गेलो. सत्यनारायण झाला, जेवणं झाली. सकाळी मी उठलो तर निकिता आदीच ओट्यावर उभी, अंगावर शाल, ओंकारनं तिला रीत सांगितलेली, म्हणून वाट बघत असलेली. आई आत चुलीपाशी, बाहेर येईना. डोंगराच्या मागं उजळायला लागलेलं, पंखे काळे दिसत व्हते आन फिरत व्हते. निकिता तिकडंच बघत उभी. मला ते बघवंना.

तवा संगीता आत गेली. मी दारात व्हतो म्हणून ऐकलं. जन्मात पहिल्यांदा हळू बोलली असंल.

सासूबाई, म्हणाली, मलाबी कधी दिसली न्हाई.

आईनं लाकूड सारलं चुलीत. म्हणली, ठाऊक हाय मला. पहिल्या दिवशी तू नाक म्हणून हनवटी दाखवली व्हतीस.

मग का न्हाई बोललात.

तू रडवेली झाली व्हतीस, आई म्हणली. म्हणलं दिसंल कधीतरी.

मग आई उठली, पदराला हात पुसत बाहेर आली, डोंगराकडं बघितलं न्हाई, निकिताकडं बघितलं. कोपऱ्यातनं घोंगडी आणली, ओट्यावर अंथरली आन म्हणली, पोरी, हितं नीज. उताणी. डोकं हिकडं कर. पोरगी निजली बिचारी, शाल पोटाशी धरून. आई तिच्या उशाशी बसली आन बोट तिच्या कपाळावर ठेवलं. म्हणली, हे कपाळ, हितं ढग बसला की पाऊस. बोट हळूच खाली आणलं, ही खोबण, हितं शेवटपर्यंत अंधार राहतो. हा नाकाचा शेंडा, हितं ऊन दुसरं येतं. हे ओठ. ही हनवटी, हितं दगड हाय बसायला. आन ही गळ्याची खिंड, हितला ढग फसवतो, त्याचं ऐकायचं न्हाई. परत कपाळावर गेली, परत सुरू केलं. मला वाटतं आईला ते सांगता सांगता सगळं दिसत व्हतं, तिचे डोळे मिटलेले व्हते.

आन निकिता झोपली. लग्नाच्या धावपळीत पोरगी धड झोपली नसंल, बोट फिरता फिरता तिचा डोळा लागला. संगीतानं तिला उठवायला हात पुढं केला तर आईनं तो धरला. ऊन चांगलं अंगणभर आलं तरी आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं न्हाई. आई मला म्हणली, झाली घरची.

ह्याला आता बराच काळ झाला. पंखे हायेत तिथंच, ते कुठं जायचेत, आन मीबी तेच काम करतो, आता पाती लांब लांब जात्यात, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या डोंगरांवर. वीज सगळ्यांना पायजे, तुमाला पायजे, मला पायजे, कुणावर राग धरायचा. पण घाटाच्या पायथ्याला थांबलो की मी कुणातरी म्हाताऱ्या माणसाला इचारून घेतो, ह्या डोंगराला काय म्हणता. बाळासाहेब हसतो, राव, तुमी काय सोयरे शोधताय. हसू दे.

आई अजून डोंगराकडं पाठ करूनच बसती. पण गावात कुणाच्या घरी सून आली की तिला आमच्या ओट्यावर पाठवत्यात, आन आई तिला निजवती. हात थरथरतो आता तिचा. म्हणून तिनं संगीताला बोलावून घेतलं, महिनाभर ठेवून घेतलं आन सगळं परत परत सांगितलं, कुठं ऊन आदी, कुठला ढग खरा. आता सुट्टीच्या सकाळी काळेवाडीच्या खोलीत ही मला म्हणती, निजा बरं जरा, मला एकदा म्हणून बघू द्या. मी खाटंवर उताणा निजतो. खाली दूधवाला वरडत असतो, कुणाची तरी गाडी चालू होत नसती. ही कपाळावर बोट ठेवती, वाटेत अडकती, परत कपाळापासून सुरू करती, आन तिला कळत न्हाई पण तिचा आवाज अगदी हळू झालेला असतो. मी मुद्दाम चुकलीस म्हणतो, म्हंजे तिला परत सुरू करावं लागतं. देव तिच्या बोटाला बळ देवो, आन तुमचंबी भलं होवो ताई.