आरोहीचं पेन आणि करुणाताईंची सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय काशीराम पवार साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, माझे शिक्षक आणि शिक्षकेतर सहकारी, मंडणगडच्या वाड्यावाड्यांतून वेळ काढून आलेले पालक, विद्यार्थी मित्रहो, आणि ज्यांच्या निरोपासाठी हे सभागृह भरलंय त्या आपल्या वरिष्ठ लिपिक करुणाताई गमरे!

एकतीस वर्षं ताईंनी शाळेचे दाखले लिहिले. त्यांच्या अक्षराचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी केलंच आहे. मी सुहास, इथला चित्रकला शिक्षक, माझी एक चूक सांगायला उभा आहे. अध्यक्ष महोदय, दोन मिनिटं जास्त लागली तर सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी आरोही आठवीत होती. पोर डावखुरी. लिहिताना हात ओल्या शाईवरूनच फिरायचा. वही काळी, तळहाताची कड काळी. मी भर वर्गात म्हणालो, "उजव्या हाताने शीक, नाहीतर इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसू नकोस." पोर रडत ऑफिसात गेली, परीक्षेतून नाव काढायला.

ताई तडक माझ्यापुढे उभ्या! "सर, पोरीचा हात नाय चुकला. पेन चुकलंय."

"तुम्हाला काय ठाऊक?" मी विचारलं. केवढा माझा ताठा!

"मीपण डावरीच. गुरुजींनी हात बांधून उजव्याने शिकवलं मला. तिचा हात नाय बांधू देणार."



शनिवारी ताईंनी बाजारातून मूठभर पेनं आणली. आरोहीने एक ओळ लिहायची, पाच आकडे मोजायचे, वरून हात फिरवायचा. जेल पेन पसरलं. शाईच्या पेनाचं तर विचारूच नका. बारीक टोकाचं बॉलपेन सुकलं पटकन, पण डावा हात पेन पुढे ढकलतो ना, त्यामुळे अडखळलं. जाड टोकाचं बॉलपेन मात्र सरसर निघालं, पसरलंही नाही!

"हे वहीत लिहायला," ताई म्हणाल्या. "जेल ऑफिसात राहू दे, दाखला ठळक उठतो. आता चित्राचं बघू."

त्यासाठी पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं ड्रॉइंग पेन होतं. आरोहीने रेघ मारली, थोडं थांबून वरून ओला ब्रश फिरवला. रेघ तसूभर हलली नाही.

मी दारातूनच बघत होतो. शेवटी न राहवून आत गेलो. म्हटलं, "आरोही, अक्षरलेखनात आधी पेन्सिलने आखून घे. मग शाई उजवीकडच्या शेवटच्या अक्षरापासून भरत ये. हात ओल्यावर पडणारच नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पेन उचललं. डाव्या हातात.

मंडळी, त्या वर्षी इंटरमिजिएटला आपल्या शाळेत 'ए' श्रेणी एकाच मुलीला मिळाली. टाळ्या वाजवा, ती समोरच बसली आहे!

निकाल लागला त्या सकाळी ताईंनी हजेरीपटावर आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हाताने सही केली. वेडीवाकडी होती. मुख्याध्यापकांनी ती मान्य केली.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण पोटात घालावं. वर्गात जे बोललो, त्याची माफी मात्र करुणाताई, तुमच्याकडे आणि आरोहीकडे मी आज सर्वांदेखत मागतो.