तीन वर्षांनी मोठा केलेला भाऊ

दारूला पंचवीस आणि गाडीला अठरा, ही वयाची भाषा माझ्यासमोर करू नका रे. माझ्या धाकट्या भावाला, विलासला, शाळेत घालतानाच आमच्या बाबांनी तीन वर्षांनी मोठा करून टाकला होता. लालबागला आमच्या चाळीत बरेच जण तसं करायचे. पोरगा कागदावर लवकर अठराचा झाला की लवकर गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवता यायचा.

पुढे संप झाला, गिरणी कायमची बंद पडली. वाढवलेलं वय तेवढं राहिलं. त्याच्यावर विलासने पंधराव्या वर्षी लायसन काढलं आणि टेम्पोवर लागला. बारवाल्याने एकदाच विचारलं, "वय काय रे तुझं?" ह्याने लायसन पुढे केलं.

"अठरा? चल, बस." पंचवीसची पाटी बारवाल्याच्या डोक्यावरच टांगलेली होती.

एका दुपारी पिऊन टेम्पो चालवताना ह्याने हिंदमाताच्या नाक्यावर एका म्हातारीला उडवलं. ती जागीच गेली.

भोईवाडा कोर्टात बाबा हात जोडून उभे राहिले. "साहेब, पोरगा पंधराचा आहे. वय मी खोटं लावलंय."

साहेबांनी शाळेचा दाखला आणि त्याला जोडलेला प्रवेशाचा अर्ज वर धरला. "अर्जावर ही सही कोणाची?"

"माझीच."

"मग?"

विलासला मोठ्यांच्या तुरुंगात नेलं. बाबा कोर्टाच्या पायरीवर बसले आणि मलाच विचारायला लागले, "गिरणी चालू असती, तर ह्याच दाखल्यावर लागला असता ना रे?"