चौकशीसाठी रिकामी केलेली खोली

तीन फेब्रुवारीची दुपार. मी रिकाम्या खोलीत तांदूळ निवडत बसले होते आणि माझा दीर दारात मोबाइल धरून उभा. फटाफट फोटो काढले त्याने. काय गं वहिनी, सामान कुठाय? राहतच नाहीस ना इथे? बरं झालं, कोर्टात दाखवायला. आणि गेला. माझे हात सुपातच राहिले.

मी मूळची कणकवलीकडची. लग्न होऊन विक्रोळीच्या या चाळीत आले, नवरा कारखान्यात होता, तो गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून निराधार योजनेचे पैसे येतात त्यावर आहे. आता चाळ पाडून इमारत होणार, तर गोवंडीच्या दिराला आठवलं, खोली आईची होती. केस टाकली. म्हणे वहिनी गावाला राहते. काय सांगू तुम्हाला, समन्स आलं तेव्हा वाचता येत असून अक्षरं दिसेनात. वकील करायचा कशाने? आणि केलाच तर म्हणतील, निराधार बाईला वकील परवडतो, बंद करा हिचे पैसे.

समोरची शोभा, तीही विधवा, तीही निराधारचीच, ती म्हणाली, कोर्टात बायकांना फुकट वकील देतात, जा. गेले, अर्ज दिला. आता आमच्याकडे असं आहे, निराधारची चौकशी येणार म्हटलं की टीव्ही, मिक्सर, कपाट समोरच्या घरी, घरात वस्तू दिसल्या की पैसे बंद. तिची चौकशी असली की तिचं माझ्याकडे. अख्खी चाळ करते. मला वाटलं, फुकट वकील म्हणजे चौकशी आलीच. गादीसुद्धा ठेवली नाही. चौकशीला कुणी आलं नाही, दीर आला.

तशीच चपला घालून, कोर्टात माझा अर्ज घेतलेल्या वकील मॅडमकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. अहो मावशी, बाई असलात की पुरे, घर बघायला कोण येतंय? मी म्हटलं, हे आधी सांगायचं ना! आता फोटोंचं काय? त्या म्हणाल्या, सामान ज्यांच्याकडे होतं त्या बाई कोर्टात तसं सांगतील का? उद्या घेऊन या.

शोभा म्हणाली, सामान का लपवलं ते विचारतील, मग माझंही निघेल. माझे पैसे बंद झाले तर तू पोसणार मला? मी म्हटलं, खोली गेली तर मीच तुझ्याकडे राहायला येणार, तेव्हा विचार कर. ती हसली नाही, मीही नाही. दार लावून घेतलं तिने.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं दार वाजवलं. इस्त्रीची साडी नेसून बसली होती, तोंड पांढरंफटक. चल लवकर, म्हणाली, नाहीतर मन बदलेल माझं. मी तिला बाहेर काढलं, तिच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या कमरेला खोचली. म्हटलं, आता फिर मागे, कुठे जातेस बघू. आणि दोघी कोर्टाकडे निघालो.