फाटकावरचं भूत

—नाही, फाटकाशी कुणीसुद्धा नाही. तुम्ही नाश्ता करा. जमैकात पहिल्यांदाच आलाय ना, मग एक लक्षात ठेवा, पाहुणे—अनोळखी माणसानं हाक मारली तर ओ द्यायची नाही, आणि ओळखीच्या भुतानं मारली तर मुळीच नाही. 'इसिल्डा' म्हणतोय? हो, मीच इसिल्डा. आणि ते आमचे—कसले आमचे, माझा नवरा लॅसेल्स. सहा वर्षांपूर्वी पाव आणायला गेला, जाताना म्हणाला, 'आलोच.' हे 'आलोच' तुम्हाला इथं रोज ऐकायला मिळेल—टॅक्सीवाला म्हणेल, गवंडी म्हणेल, पाद्री म्हणेल—त्याचा अर्थ एवढाच की माणूस निघाला. यायचं काही खरं नाही. आणि मी? मी इथलीच, तरी कितीतरी दिवस चहा दोघांचा टाकत होते. वेडी!

मग काय, मेला म्हणून सोडून दिलं. नववी रात्र केली—अहो, मेलेल्याला नवव्या रात्री निरोप द्यायचा असतो, नाहीतर तो घरातच घुटमळतो. देह नव्हता, तर त्याचा कोट खुर्चीवर बसवला. तळलेले मासे, पांढरी रम, डॉमिनोचा डाव—शेजारचा क्लोव्हिसभाऊ तर त्या कोटाशी हरला आणि वर रडला. मग खोलीतलं सगळं उलटंपालटं केलं, पलंग इकडचा तिकडे, आरसा भिंतीकडे तोंड करून—भुताला स्वतःची खोली ओळखू येऊ नये म्हणून. तीच तुम्हाला भाड्यानं दिली. ते कपाट खिडकीला आडवं लावलंय ना, ते म्हणून.

हसताय? हसा. गेल्या वर्षी कुणीतरी त्याला मँडेव्हिलच्या बाजारात रताळी विकताना पाहिलं. मी म्हटलं, भुतांनाही पोट असतं. एका बाईबरोबर होता म्हणे. म्हटलं, तीही मेलेली असेल.

आता काय ओरडतोय? 'कुत्रं धरा'? शिकून घ्या हे—कुणाच्याही फाटकातून आत शिरण्याआधी असं ओरडायचं, कुत्रं असो नसो. पण आमच्याकडे कुत्रं कधीच नव्हतं, आणि त्याला ते ठाऊक आहे! स्वतःच्या दारात परक्यासारखा ओरडतोय, मेला!

बरं, असं करा. ही बशी न्या त्याला. अ‍ॅकीच्या फळाची भाजी आणि खारवलेला मासा—पहाटेच त्याची हाक ऐकली, म्हणून या माशाचं मीठ मुद्दाम धुतलं नाही. भूत मिठाला तोंड लावत नाही, इथलं शेंबडं पोरही सांगेल. नाही खाल्लं तर प्रश्नच मिटला, मी इथूनच प्रार्थना म्हणेन आणि तो जाईल. बोलू नका त्याच्याशी. बशी खांबावर ठेवा नि परत या.

…आलात? मी नाही बघणार, तुम्हीच बघा नि सांगा. वास घेतोय? घेऊ दे, वास घेतातच ती. बोट लावलं? …खातोय. …रडतोय, खाता खाता? खारट लागलं असेल.

अरे देवा. म्हणजे जिवंतच आहे की! भुताला काही विचारावं लागत नाही हो, पाहुणे—कुठं होतास, का गेलास—नुसतं हाकलायचं असतं. जिवंत माणसाला विचारावं लागतं. आणि मग तो सांगतो.

नको, बशी मीच आणते. तुम्ही समुद्रावर जा. टोपी घ्या, ऊन फार आहे. —अहो, जा म्हणते ना! आणि मागच्या दारानं जा.